बसतो की बसवता?

मी सतरंजी बोलतेय. खरं तर मी बोलायचं नाही, असं ठरलेलं आहे. "ढब्बू अजून बसत नाही, हे या घराबाहेर कुणी बोलायचं नाही," असं आजींनी सगळ्यांना बजावलं तेव्हा मीही तिथेच होते. किंबहुना सगळे माझ्यावरच बसून हे ठरवत होते. बाबांनी मान डोलावली. आईने खाली पाहिलं, म्हणजे माझ्याकडे. मला मात्र कुणी विचारलं नाही. मला या घरात मान नाही, त्यामुळे ती मी डोलावलेलीही नाही. म्हणून सांगते.

मी सुती आहे. जाड, निळ्या-लाल पट्ट्यांची. मागावर माझा जन्म झाला. माझा विणकर शेजारच्या मागावरच्या माणसाशी सतत भांडायचा आणि भांडण रंगलं की ठोका जोरात मारायचा. ते दिवसभर भांडत. त्यामुळे माझी वीण घट्ट आहे, आणि जीभ तिखट.

मला आजींनी विकत आणलं. तेव्हा त्या आजी नव्हत्या, पण बोलायच्या आजच्यासारख्याच. पाहुण्यांसाठी म्हणून मला आणलं. पाहुणे माझ्यावर बसत, उठून गेलेल्यांची निंदा करत, मग स्वतः उठून जात आणि उरलेले त्यांची निंदा करत. माणसं खाली बसली की मोकळी होतात म्हणतात. मी त्यांचा मोकळेपणा पुष्कळ ऐकला आहे. त्यात ऐकण्यासारखं फारसं काही नव्हतं.

पुढे सोफा आला. सोफा म्हणजे एक फुगलेला, आळशी प्राणी. त्याच्यावर कुणी हात फिरवला तरी त्याला डाग पडतो आणि घरभर बोंब होते. मला कपाटावर टाकलं. भिंतींना रंग दिला तेव्हा फरशी खराब होऊ नये म्हणून मला अंथरलं. तो पांढरा डाग माझ्या एका कोपऱ्यावर अजून आहे. घर बदललं तेव्हा मी फ्रिजला गुंडाळून आले. एवढ्या मोठ्या फ्रिजला थंडी वाजेल अशी भीती बहुधा वाटली असावी.

कपाटावरून माणसांची फक्त टाळकी दिसतात. बरीच वर्षं टाळकीच पाहत राहिलं की आदर वगैरे टिकत नाही.

मग ढब्बू आला. त्याचं खरं नाव मोठं आणि भारदस्त आहे, पण तो गोल आहे म्हणून ढब्बू. पहिले काही महिने सगळं ठीक चाललं. तो झोपायचा, प्यायचा, ओला करायचा. मग तो वर बघायला लागला, हसायला लागला, हात मारायला लागला, आणि घरातल्या मोठ्या माणसांची डोकी फिरली.

बाबा लहान मुलांच्या सामानाच्या दुकानात गोदाम सांभाळतात. गिऱ्हाइकांनी परत केलेला माल त्यांना स्वस्तात मिळतो. तो परत का आला, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. आधी एक फुगीर खुर्ची आली. तिच्यात मुलाचे पाय मांड्यांपर्यंत रुतवायचे, की झालं. ढब्बू तिच्यात कुंडीत लावलेल्या झाडासारखा दिसायचा. हलायची सोय नाही, पडायचीही नाही. आजी येईल-जाईल त्याला सांगायच्या, "बघा, बसतो आमचा." मला वरून त्याचं टाळकं दिसायचं. ते हळूहळू एका बाजूला कलायचं आणि मग कुणीतरी ते सरळ करायचं, भिंतीवरची तसबीर सरळ करावी तसं.

मग पांगुळगाडा आला. रंगीत, चाकांचा, पुढे वाजणारी बटणं असलेला. ज्या गाड्याच्या नावातच पांगुळ आहे, त्यात धडधाकट मूल घालू नये, एवढं कळायला शाळेत जावं लागत नाही. पण शब्द वाचतो कोण. ढब्बू त्यात लोंबकळायचा, पायाची बोटं टेकवायचा, आणि बाबा म्हणायचे, "हा तर बसायच्या आधी चालणार." उरलेल्या वेळात फोनवर गाणी लावून त्याच्या नाकासमोर धरत. त्यातल्या पिवळ्या बदकाकडे तो तोंड उघडं टाकून बघत राहायचा. याला घरात एकाग्रता म्हणत.

यातून वेळ उरलाच, तर आजींची मांडी होती. "मूल जमिनीवर टाकलेलं मला बघवत नाही," असं त्या म्हणत. टाकलेलं, हा त्यांचा शब्द. जसं काही जमीन म्हणजे उकिरडा.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र चेष्टेची नव्हती. ढब्बूची आई चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत, काचा घासून चौकटीत बसवते. हे काम तिला आवडतं. ते करताना ती कुणाशी बोलत नाही आणि कुणी तिच्याशी बोलत नाही, यातच मला त्या कामाची थोरवी दिसते. तिची रजा संपत आली होती. दुकानदाराने स्वच्छ सांगितलं होतं, की पहिल्या तारखेला ती आली नाही तर तो दुसरी मुलगी बघेल. आणि आजींना दिवसभर एकटीने ढब्बू झेपणार नव्हता. कंबर दुखते म्हणून, असं त्या सांगत, आणि तेवढ्यापुरतं ते खरंही होतं.

गल्लीच्या टोकाला एक पाळणाघर आहे. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणतात. काकूंचा नियम एकच, बसतं मूल घेते. नियमाचं कारणही साधं आहे. निजलेलं मूल पायात येतं आणि रांगतं मूल पळून जातं. बसतं मूल ठेवलं तिथे राहतं. मुलाच्या भल्याचा यात काही संबंध नाही, हे त्या लपवतही नाहीत. सगळ्या माणसांत मला त्या जरा बऱ्या वाटतात त्या एवढ्यासाठीच.

तर आजी आणि आई ढब्बूला खुर्चीसकट तिकडे घेऊन गेल्या. मी कपाटावर होते, त्यामुळे पुढचं मी आजींच्या तोंडून ऐकलं. त्यांनी ते पुष्कळ वेळा सांगितलं आणि दर वेळी काकू थोड्या जास्त उद्धट होत गेल्या. काकूंनी विचारलं, बसतो का. आजी म्हणाल्या, दिवसभर बसतो. काकूंनी त्याला खुर्चीतून उपसून काढलं, फरशीवर ठेवलं आणि हात सोडले. ढब्बू पिठाच्या पोत्यासारखा एका अंगावर गेला आणि रडायला लागला.

"हा बसतो कुठे?" काकू म्हणाल्या. "याला तुम्ही बसवता."

तरी त्यांनी अगदीच दार लावलं नाही. पहिल्या तारखेच्या आधी मीच घरी येऊन पुन्हा बघते, म्हणाल्या. इथे नको, एक रडलं की माझी बाकीची सगळी सूर लावतात.

एका "व"ने काय एवढं आकाश कोसळतं, असं आजी घरी येऊन म्हणत राहिल्या. खरं तर या घराला बसवण्याची जुनी हौस आहे. नळ बसवला, पंखा बसवला, पडद्यांच्या दांड्या बसवल्या. बाबांना तर डोक्यावर बसवून वाढवलं आहे. आता मूल तेवढं बसवायचं राहिलं होतं. बसवलेली वस्तू आणि बसलेलं मूल यांत फरक असतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

नंतर ढब्बूच्या लशीची वेळ आली. आई-बाबा दोघंही गेले; तिथलं मी नंतर आईच्या तोंडून ऐकलं. आईने लाजत लाजत डॉक्टरीणबाईंना विचारलं, की याचं काही मागे पडलंय का. बाईंनी त्याला तपासलं, टेबलावर पालथं घातलं. त्याने गाल टेकला आणि भोकाड पसरलं. मूल ठणठणीत आहे, त्या म्हणाल्या, सहावा महिना सरत आलाय, या वयात सगळीच बसत नाहीत. पण हा पालथा असतो का कधी? यावर बाबांनी खुर्चीचं, पांगुळगाड्याचं आणि फोनचं वर्णन अभिमानाने केलं.

"आजवर याला तुम्ही अस्मानच दाखवलंत," बाई म्हणाल्या. "आता जरा जमीन दाखवा."

हा जागा असेल तेव्हा पालथा ठेवा, म्हणाल्या, झोपवताना मात्र उताणाच. समोर कुणीतरी राहा, बोला त्याच्याशी, तो बोलेल तेव्हा गप्प बसा. गाडा ठेवून द्या. एवढं सगळं ऐकून बाबांनी विचारलं, की यासाठी एखादं चांगलं उपकरण मिळतं का. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. मूल पालथं पडत नव्हतं, बाप मात्र कधीचा पडलेला होता.

त्या संध्याकाळी आईने मला कपाटावरून ओढून काढलं. धुतलं, उन्हात टाकलं, वाळल्यावर झटकलं. किती वर्षांनी मला कुणी पाठीवर मारलं. मग खोलीच्या मध्यभागी मी अंथरले गेले, सोफ्याच्या नाकावर टिच्चून. आणि सगळे माझ्यावर बसले, नि बाहेर बोलायचं नाही असं ठरलं. कारण आत्याचा फोन आला होता. तिची मुलगी ढब्बूच्याच वयाची आणि ती म्हणे कधीची बसते. आजींनी फोनवर सांगून टाकलं होतं, आमचाही बसतो. आता शब्द दिला म्हटल्यावर मुलाला बसावंच लागणार होतं.

पहिल्या दिवशी ढब्बूने मला गालाने ओळखलं. गाल टेकला, दोन्ही हात अंगाखाली अडकले आणि तो असा रडला, की आजी स्वयंपाकघरातून धावत आल्या. "आई आहेस का कोण," एवढं म्हणून त्यांनी त्याला उचललं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आईने एक विचित्र गोष्ट केली. ती स्वतः त्याच्यासमोर पालथी झोपली. हनुवटी माझ्यावर टेकली, अगदी त्याच्या नाकाला नाक लागेल अशी. ढब्बू रडायचा थांबला. त्याने आजवर तिचं तोंड वरून येणारं पाहिलं होतं. समोरून, आपल्याच उंचीला आलेलं, प्रथमच बघत होता. ते नीट बघायला त्याने डोकं उचललं.

एवढ्या वर्षांत पुष्कळ लोक माझ्यावर बसले, लोळले, घोरलेदेखील. पण दुसऱ्याला दिसावं म्हणून खाली आलेलं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. कौतुक करत नाही. फक्त नोंदवते.

बाबांनी मग खेळण्यांची रांग लावली, वाजणारी, चमकणारी, फिरणारी. ढब्बूला हवं होतं आईच्या चष्म्याचं घर. काळं, चपटं, कोपऱ्यावर झिजलेलं. आई ते त्याच्या हाताला लागेल न लागेल अशा अंतरावर ठेवायची. तो पोटावर गोल फिरायचा, कण्हायचा, माझ्या लाल पट्ट्यावर लाळेचं तळं करायचा. आईचा हात ते घर पुढे सरकवायला आपोआप निघायचा आणि मग ती तो हात स्वतःच्या पोटाखाली दाबून धरायची. मला कळायचं, कारण तो हात माझ्यावरच दाबला जायचा. मुलाला मदत न करायला किती जोर लागतो, हे मला त्या हाताने सांगितलं.

बाबा मात्र उठून ते त्याच्या हातात देऊन मोकळे व्हायचे. "घे रे, किती छळतेय तुला आई."

बोलण्याचंही तसंच. ढब्बू "ब-ब-ब" करायला लागला होता. आजी लगेच म्हणायच्या, बाबा म्हणाला. बाबा म्हणायचे, पुन्हा म्हण, पुन्हा म्हण, आणि फोन काढायचे. मग तो गप्प. आई फक्त "हो का? मग पुढे?" म्हणायची आणि थांबायची. तो विचार करून आणखी काही सांगायचा. मग ती त्याला दुकानातलं सांगायची. जाड काच कशी घासतात, घाईने दाबली तर कशी कडेला तडकते. तो ऐकायचा. एकाचं पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं, असं संभाषण या घरात तेवढं एकच चाले.

तो उताण्याचा पालथा झाला तेव्हा आजी फोनवर आत्याला सांगत होत्या, की तो कधीचा पालथा पडतो. बाबांनी पाहिलं, पण फोन हातात यायला उशीर झाला. म्हणून त्यांनी ढब्बूला पुन्हा उताणा केला. पुन्हा कर म्हणाले. त्याने नकार दिला. मला तेव्हा तो मुलगा आवडला.

आणि मग आई त्याला हळूच बसतं करून हात सोडू लागली. तो पुढे वाकायचा आणि दोन्ही तळवे माझ्यावर रोवायचा, तिवईसारखा. तळव्यांत आता ताकद होती. पोटावर पडून पडून ती आली होती. क्षणभर टिकायचा, मग कलंडायचा. मी जाड आहे, त्याला लागायचं नाही. कलंडला की पालथा होऊन आपल्या कामाला लागायचा.

काकू यायच्या त्या दिवशी घरात गडबड उडाली. आईने ढब्बूला उकडलेला भोपळा कुस्करून भरवला, त्यातला निम्मा माझ्यावर आला. पुसून होईपर्यंत काकूंची चाहूल लागली. आई पदर सारखा करत दाराकडे गेली, आणि तेवढ्यात बाबांनी सोफ्याची एक चपटी उशी काढली आणि माझ्याखाली सरकवली. ढब्बूला त्या उंचवट्याला टेकवून ठेवलं. आजींनी डोळ्यांनीच शाबासकी दिली. मी सोफ्याची उशी पोटाशी धरून पडले. असा अपमान फ्रिजनेही केला नव्हता.

काकू आल्या, ढब्बूसमोर खाली बसल्या. आजी म्हणाल्या, "बघा, बसतो."

उशीमुळे मी उतरती झाले होते. ढब्बूने तळवे रोवायला पुढे हात टाकले, तर जमीन हवी तिथे नव्हती. तो तोंडावर गेला. बाबा लगेच म्हणाले, की ही सतरंजीच वाकडी आहे, जुनी आहे ना. म्हणजे मुलाला बसता येईना, सतरंजी वाकडी. काकूंनी माझं टोक उचललं आणि उशी बाहेर ओढली.

काकू उठायला लागल्या. आईचं तोंड पांढरं पडलं होतं. पहिली तारीख दोन दिवसांवर होती. तिने बाबांकडे पाहिलं, ओरडली नाही. तिच्याकडे ओरडण्याएवढा वेळ नव्हता.

"काच बसवतात," ती बाबांना म्हणाली. "मूल बसतं."

मग तिने मला चारी बाजूंनी ताणून सरळ केलं, ढब्बूला मध्ये ठेवलं आणि हात मागे घेतले. काकू अर्धवट उभ्या होत्या, तशाच राहिल्या. ढब्बूने तळवे रोवले. डोलला. लाळेचा एक थेंब माझ्यावर पडला. त्याने वर काकूंकडे पाहिलं, खाली माझ्याकडे पाहिलं, आणि बसला. हात टेकून, पाठ वाकवून, तिवईसारखाच, पण स्वतः. काकूंनी "अरे वा" म्हणून टाळी वाजवली आणि त्या आवाजाने तो दचकून कलंडला. आजींनी धाव घेतली. आईने त्यांना हाताने अडवलं. ढब्बू पालथा झाला, डोकं वर काढलं आणि काकूंच्या पिशवीचा पट्टा पकडायला निघाला.

काकू थोडा वेळ बघत राहिल्या. "एवढं काही बसत नाही अजून," त्या म्हणाल्या. "पण पडला तर रडला नाही. मला तेच हवं. बसणारी रडकी माझ्याकडे आहेत भरपूर." मग पट्टा सोडवून घेत म्हणाल्या, "परवा आणा. याची ही सतरंजी पण द्या सोबत."

काकू गेल्या आणि श्रेय वाटून झालं. बाबा म्हणाले, पांगुळगाड्याने पाय मजबूत झाले होते ना. आजींनी आत्याला फोन लावला आणि सांगितलं, की ढब्बूने पाळणाघरवालीची बोलती बंद केली. खुर्चीत बसायची सवय होती म्हणून, असंही म्हणाल्या. आई माझ्यावर आडवी पडली होती. उद्याच्या उद्या दुकानात निरोप द्यायला हवा, असं काहीतरी ढब्बूला सांगत होती. आणि तो ऐकत होता.

तो परवा म्हणजे आज. सगळे दारात आहेत. आजी टोपी शोधताहेत, बाबा किल्ल्या, आई चपलेचा पट्टा लावते आहे. ढब्बू माझ्यावर आहे, दोन्ही हात टेकून, आणि त्याच्याकडे कुणाचंही लक्ष नाही. तेवढ्यात तुम्हाला सांगून ठेवते. तुमच्या घरात असं बाळ असेल, तर माझ्यासारखी एखादी शोधा. असेल कुठेतरी कपाटावर. अंथरा. बाळाला ठेवा, समोर तुम्हीही खाली या, त्याचं ऐका, आणि मग कृपा करून हात आवरा. तुमच्याने ते होणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी सांगते.

"अगं, सतरंजी राहिली की! उशीर होतोय," बाबांनी दारातून हाक मारली. झालं, माझं बोलावणं आलं. बाबाच आत आले आणि त्यांनी मला पलीकडच्या टोकापासून गुंडाळायला घेतलं. आधी मूल उचलावं, मग सतरंजी, एवढंही या माणसाला सुचत नाही. मान वळवून ते अजून किल्ल्याच शोधताहेत. आणि इकडे ढब्बूने डावा तळवा माझ्यावरून उचलला आहे, गुंडाळी येताना बघतोय, आता उजवाही उचलला, दोन्ही हात हवेत आहेत, पाठ ताठ, अहो, कुणीतरी इकडे बघा, तो बस